फोल्डस्कोप: डबक्यातले आदिजीव पाहायला कितपत उपयोगी?

मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो, बारकावे साधारण २ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०० मायक्रॉनचं पॅरामेशियम, म्हणजे एकाच पेशीचा एक आदिजीव, त्यात झकास दिसतं. मात्र ते ज्यांवर जगतं ते जिवाणू बहुतेक दिसत नाहीत, म्हणजे अन्नसाखळीतलं भक्ष्य हुकतं.

नमुना घरीच वाढवा. मूठभर वाळलेलं गवत अर्धा लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग दोन-तीन चमचे डबक्याचं पाणी घाला. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन घात करतं. झाकण सैल हवं. आधी जिवाणूंनी पाणी गढूळ होतं, मग शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे बारीक कशाभिकाधारी आदिजीव येतात आणि आठवड्याभरात पॅरामेशियम. गढूळपणा ओसरू लागला की समजावं, चराई सुरू झाली, म्हणजे आदिजीव जिवाणूंना खाऊ लागले. मातीतही हेच चालतं: खाल्लेल्या जिवाणूंमधला जास्तीचा नायट्रोजन आदिजीव अमोनियमच्या रूपात सोडतात आणि तो पिकांच्या मुळांना मिळतो. हे चक्र बाटलीत उलगडताना पाहणं फार मोलाचं आहे.

थेंब तळातून नाही, पृष्ठभागालगतच्या सायीखालून घ्या. पॅरामेशियम सुसाट पळतं, म्हणून कापसाचे चार तंतू टाका. काचपट्टीवर आच्छादन काच ठेवाच, नाहीतर थेंब वाळतो आणि फोकस सतत सुटतो. अमीबासाठी मात्र हे साधन अपुरं वाटतं. पारदर्शक, संथ जीव या प्रकाशात सहज निसटतो.

शाळांनी जरूर घ्यावं.