टॉवर ऑफ लंडन की कार्लश्टाइन?

मध्ययुगीन राजवैभव बघायला एकच किल्ला निवडायचा तर कोणता, असं एका मैत्रिणीने विचारलं. तिच्या मनात दोन होते: लंडनचा टॉवर आणि प्रागजवळचा कार्लश्टाइन.

आधी वास्तू. टॉवरमधला व्हाइट टॉवर इंग्लंडचा राजा विल्यम द काँकररने 1070 च्या दशकात बांधायला घेतला. आतलं दगडी सेंट जॉन चॅपल (छोटं प्रार्थनागृह) आजही थक्क करतं. कार्लश्टाइन बोहेमियाचा राजा आणि पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सने 1348 मध्ये सुरू केला. पण त्याचं आजचं बाह्यरूप बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जीर्णोद्धारातलं आहे. इथे टॉवर सरस.

खजिन्याचं गणित मात्र उलटं आहे. 1649 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर इंग्लंडची जुनी राजचिन्हं वितळवली, विकली गेली. टॉवरमधले बहुतेक मुकुट 1661 नंतरचे. वाचला तो बाराव्या शतकातला अभिषेकाचा चमचा. त्याची वाटी मधोमध विभागलेली आहे, आर्चबिशपला राजाला लावायच्या पवित्र तेलात दोन बोटं बुडवता यावीत म्हणून. माझ्या मते सगळ्या हिऱ्यांपेक्षा तो मोलाचा.

कार्लश्टाइन बांधला गेला तोच पवित्र रोमन साम्राज्याची रत्नं ठेवायला. ती आता व्हिएन्नात आहेत. पण होली क्रॉस चॅपल जागेवर आहे: भिंतीत जडवलेले पॉलिश केलेले रंगीत दगड, सोनेरी छत, चौथ्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार मास्टर थिओडोरिकची सव्वाशेहून अधिक चित्रं. मात्र तिथे मोजक्यांनाच सोडतात. आधी आरक्षण हवं, चढही आहे.

इतिहासाचा मोठा पट एका दिवसात हवा असेल तर टॉवर. चौदाव्या शतकातल्या राजाचं रत्नागार जसंच्या तसं अनुभवायचं असेल तर कार्लश्टाइन, पण चॅपलचं तिकीट मिळालं तरच.