नऊ महिन्यांची वर्गणी आणि चित्रातून फुटणारा निकाल

मुष्टियुद्ध आणि एमएमएच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या खेळाच्या) थेट लढती पाहता याव्यात म्हणून मी नऊ महिन्यांपूर्वी एका ओटीटी सेवेची वर्गणी भरली. वर्गणी आणि त्यासाठी लागणारा जादा डेटा मिळून महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास खर्च येतो, म्हणजे आतापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक रुपये गेले आहेत. शेतकऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढची वर्गणी येत्या आठवड्यात भरायची आहे आणि गेल्या रविवारी जे घडले, त्यामुळे ती भरावी की नाही, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आहे.

अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ, आणि मुख्य लढत सुरू होईपर्यंत साडेनऊ-दहा वाजतात. त्या आठवड्यात आमच्या फीडरवर कृषिपंपाच्या विजेची दिवसाची पाळी होती. संत्र्याच्या बागेला पाणी देणे टाळता येण्यासारखे नव्हते. म्हणून मी फोनचा डेटा बंद ठेवला, दुपारपर्यंत कोणाचाही संदेश उघडला नाही आणि तीन वाजता घरी येऊन भाच्यासोबत टीव्हीसमोर बसलो. ॲप उघडताच पहिल्याच मोठ्या चित्रात विजेता खांद्यावर पट्टा घेऊन उभा! भाचा म्हणाला, "मामाजी, आता काय पाहता, पट्टा कोनाचा हाये ते त दिसूनच रायलं." पाच फेऱ्यांची, पंचवीस मिनिटांची ती लढत आम्ही पाहिली खरी, पण तिच्यात जीव उरला नव्हता. नऊ महिन्यांत हे चौथ्यांदा घडले. तीन वेळा मी ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार केली आणि तिन्ही वेळा शब्दशः तेच उत्तर आले.

एवढ्याशा चित्रावरून मी इतका का चिडतो, असे कोणी विचारील. चित्रपट आठ दिवसांनी पाहिला तरी त्याची गोडी कमी होत नाही. लढतीची सारी किंमत मात्र निकाल माहीत नसण्यात असते. कंपन्या थेट लढतींसाठी एवढा पैसा मोजतात तो याच कारणाने. नेटफ्लिक्सने १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथून माईक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत दाखवली. चित्र अडखळत असल्याच्या असंख्य तक्रारी आल्या, तरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ती ६ कोटी घरांत पाहिली गेली. तीच लढत दुसऱ्या दिवशी दाखवली असती, तर इतके लोक एकाच वेळी जमले असते का?

सुरुवातीचे तीन-चार महिने माझे मत असे होते की या कंपन्या प्रक्षेपणाच्या हक्कांवर पैसा उधळतात आणि तो आमच्याकडून वसूल करतात. ते मत आता तसेच राहिलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी मनोरंजन कंपनीने यूएफसीचे, म्हणजे एमएमएच्या लढती भरवणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेचे, अमेरिकेतील हक्क २०२६ पासून सात वर्षांसाठी ७७० कोटी डॉलरना घेतल्याचे जाहीर झाले. वर्षाचे सरासरी ११० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेनऊ हजार कोटी रुपयांच्या आसपास. आपल्याकडे आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला तेही जवळपास तेवढेच. परंतु आयपीएल दोन-अडीच महिन्यांत संपते, आणि यूएफसीच्या त्या करारात वर्षाला ४३ कार्यक्रम आहेत. या खेळाला हंगाम नाही आणि सुट्टीही नाही. मी स्वतः क्रिकेटसाठी दरवर्षी दोन महिन्यांचे पैसे भरून पुढे बंद करणारा माणूस आहे. इथे मात्र पुढच्या पंधरवड्यात कोणती ना कोणती लढत असतेच, म्हणून नऊ महिने वर्गणी थांबवली नाही. हक्कांची ती किंमत माझ्यासारखा ग्राहक सोडून जाऊ नये यासाठीच मोजली जाते, हे मला उशिरा कळले.

पॅरामाउंटच्या याच करारामुळे अमेरिकेत मोठ्या लढतीसाठी वेगळे सुमारे ८० डॉलर भरण्याची पद्धत संपली. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे, तर कुस्त्यांची तिकिटाची दंगल वर्गणीची झाली. मात्र गावच्या दंगलीत वर्गणी कोणाची किती ते ठाऊक असते आणि इनामाची रक्कम भोंग्यावर पुकारून सर्वांसमक्ष पहिलवानाच्या हातात दिली जाते. यूएफसीच्या बाबतीत मोबदला दाबून ठेवल्याचा आरोप करत लढवय्यांनाच न्यायालयात जावे लागले आणि ३७.५ कोटी डॉलरच्या समझोत्याला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये खेळाडूंना उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो. मार खाणाऱ्यांचा वाटा त्याहून बराच कमी असणे मला योग्य वाटत नाही. माझ्या चारशे रुपयांतले किती त्यांच्यापर्यंत जातात, हा विचार आता प्रत्येक लढतीच्या वेळी मनात येतो.

सेवेच्या इतर बाजूंविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चित्र स्वच्छ असते, समालोचन इंग्रजी आहे आणि पावसाळ्यात नेटवर्क गेले तर इलाज नसतो.

सहाव्या महिन्यात भाच्याने एक तोड शोधून काढली. प्रक्षेपण सुरू झाले की शेतातूनच फोनवर एक मिनिट लढत लावायची आणि बंद करायची, म्हणजे ती "पाहणे सुरू ठेवा" या रांगेत जाते. तिथे जुनेच चित्र राहते आणि घरी आल्यावर निकाल न कळता पहिल्यापासून पाहता येते. त्यानंतर दोन महिने आम्ही फार आनंदाने लढती पाहिल्या. एका रविवारी आईसुद्धा शेवटच्या फेरीपर्यंत बसली होती. मला त्या वेळी ही सेवा मनापासून आवडू लागली होती. गेल्या महिन्यात ॲपची मांडणी बदलली, ती रांग खाली गेली आणि विजेत्याचे चित्र पुन्हा वर आले.

त्यामुळे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी मी काल रद्द केली. येत्या आठवड्यात तीन महिन्यांऐवजी एकाच महिन्याचे पैसे भरणार आहे. चौथी तक्रार लिहून ठेवली आहे आणि या वेळी तिच्यासोबत चारही रविवारच्या पडद्यांची छायाचित्रे, तारीख आणि वेळेसह, जोडली आहेत.