आठ महिन्यांनंतर: एका बॅगेत मावणारा दोन फ्लॅशचा संच

संच असा: गोडॉक्स कंपनीचे दोन टीटी ६०० फ्लॅश, त्याच कंपनीचा एक्सप्रो ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश दुरून पेटवणारा), ४३ इंची पांढरी छत्री, एस प्रकारचा ब्रॅकेट (फ्लॅश आणि छत्री स्टँडला जोडणारी पकड), १९० सेंमीचा घडीचा स्टँड. हळदी, साखरपुडे, बाहेरची पोर्ट्रेट, सगळीकडे हाच. फ्लॅशबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते पेटतात. डोकं खातात त्या त्यांना धरून ठेवणाऱ्या वस्तू.

साध्या ब्रॅकेटमध्ये फ्लॅश नुसत्या पायावर, म्हणजे कॅमेऱ्यात सरकवायच्या खालच्या भागावर, उभा असतो. छत्रीसकट तो तिरका केला की सगळा ताण त्या प्लास्टिकच्या पायावर येतो आणि पाय खिळखिळा होतो. एस प्रकार फ्लॅशला कमरेला धरतो. आवळताना बॅटरीचं दार दाबलं जात नाही ना, तेवढं बघा.

उघडी छत्री म्हणजे शीडच. छत्री झुकते त्या बाजूला स्टँडचा एक पाय ठेवा आणि दोन-दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या पिशवीत घालून मधल्या दांड्याला टांगा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. लोंबकळली तर झोके खाते आणि स्टँडलाही हलवते. वारा जास्त असेल तर छत्री मिटून माणसाच्या हातात द्यावी, वजनाच्या भरवशावर राहू नये.

सेल २००० एमएएच क्षमतेचे एनेलूप (पुन्हा चार्ज होणारे), चार-चारच्या गटांत. गटावर मार्करने खूण करा. जुना-नवा एकत्र घातला की अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे तीन त्यातून उलटा दाब देतात आणि तो कायमचा जातो. अल्कलाइन सेलवर पूर्ण ताकदीने पेटलेला फ्लॅश पुन्हा तयार व्हायला फार रेंगाळतो.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असताना मधूनच पेटला नाही, तर ट्रिगर बदलायला धावू नका. त्याच्या सेटिंगमधलं अंतर १-१०० मीटरवरून ०-३० वर आणा.

छत्री दीड मीटरवर, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ ४००, फ्लॅशची ताकद १/८: लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवून सुरुवात करा. भर उन्हात हायस्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) लावला की फ्लॅशचा प्रकाश निदान दोन स्टॉप पडतो, म्हणजे पावपट उरतो, मग छत्रीतून एकटा फ्लॅश पुरत नाही. दोन्ही जवळ आणा किंवा सावली शोधा.

मांडवात पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल (प्रकाश नारिंगी करणारा पारदर्शक कागद) आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग, ३२०० केल्विन. नाहीतर चेहरा ठीक, मागचा मांडव मात्र नारिंगी. हळद लागलेल्या गालावर व्हाइट बॅलन्स मोजू नका, पांढरा रुमाल धरा.