पूर्ण तिकीट, पाऊण चित्रपट: कलाकेंद्राचा फिल्म पास काही महिने वापरल्यानंतर

कलाकेंद्रात होणाऱ्या स्वतंत्र आणि अभिजात चित्रपटांच्या खेळांसाठी मी वर्षाचा पास काढला, त्याला आता बरेच महिने झाले. पास कसा चालतो, जागा आधी धरून ठेवावी लागते, खेळानंतर चर्चा असते, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच. त्यामुळे जिच्यामुळे लिहायला बसले त्या गोष्टीवरच थेट येते. छोट्या दालनात ‘सिटिझन केन’ लावला होता आणि त्यातली छतं गायब होती.

छतं म्हणजे खरोखरच छतं. १९४१ च्या या चित्रपटात दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी कॅमेरा अनेकदा इतका खाली ठेवला की खोलीचं छत चौकटीत येणं भागच होतं. त्या काळी स्टुडिओतल्या सेटला सहसा छत नसे, कारण दिवे आणि मायक्रोफोन वरूनच सोडलेले असत. इथे मलमलीचं कापड ताणून छत केलं आणि मायक्रोफोन त्याच्यामागे लपवले. निवडणूक हरल्यानंतरच्या प्रसंगासाठी तर जमीन उखडून कॅमेरा खड्ड्यात उतरवला. ज्या भागासाठी एवढा खटाटोप केला, तो भागच त्या संध्याकाळी पडद्यावर नव्हता. पडदा पूर्ण भरावा म्हणून प्रोजेक्टरने चित्र वरून आणि खालून छाटलं होतं.

हिशेब सोपा आहे. जुन्या बोलपटांची चौकट १.३७:१ या प्रमाणाची असते, म्हणजे उंची १ तर रुंदी १.३७. हॉलिवूडने हे प्रमाण १९३२ मध्ये ठरवून घेतलं आणि नंतरची वीसेक वर्षं बहुतेक ठिकाणी तेच चाललं. सेमिनारसाठी वापरतात ते प्रोजेक्टर आणि पडदे बहुधा १६:९, म्हणजे सुमारे १.७८:१ चे. अरुंद चित्र रुंद पडद्यावर नीट दाखवायचं तर डाव्या-उजव्या बाजूला काळी पट्टी सोडावी लागते. पट्टी नको म्हणून चित्र पडद्याच्या रुंदीला बसवलं, की उंचीतला जवळजवळ २३ टक्के भाग जातो. म्हणजे पावभर चित्रपट कापला गेला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. मी पैसे जपून खर्च करणारी बाई आहे. वर्षाचा पास मी इतर दोन खर्च बाजूला ठेवून काढला होता, त्यामुळे हा पाव भाग माझ्या फार जिव्हारी लागला.

त्याआधीच्या एका खेळात दुसरा प्रकार घडला होता. तिथे चित्र कापलं नव्हतं, आडवं ताणलं होतं. १.३७ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं की माणसं सुमारे ३० टक्के रुंद होतात. हे ओळखायचं असेल तर गोल वस्तू बघा. गाडीचं चाक, घड्याळ, ताटली अंड्यासारखी दिसली की समजायचं. चेहऱ्यांना डोळे दहा मिनिटांत सरावतात, चाकाला सरावत नाहीत.

‘केन’च्या खेळात मी उठून मागे गेले. मशीनजवळ बसलेल्या स्वयंसेवक मुलाने सांगितलं की ते आपोआप होतं, त्याला हात लावायची परवानगी नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की इतर कोणाची तक्रार नाही आणि बऱ्याच प्रेक्षकांना काळ्या पट्ट्या खटकतात. मी विचारलं, मग ‘कागज़ के फूल’च्या वेळी का नाही खटकल्या? १९५९ चा तो भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, चित्रपट. याच दालनात तो लागला तेव्हा वर आणि खाली पट्ट्या सोडून अगदी व्यवस्थित दाखवला होता आणि कोणी कुरकुर केली नव्हती. टीव्हीमुळे वर-खालच्या पट्ट्यांची सगळ्यांना सवय झाली आहे, बाजूच्या पट्ट्या दिसल्या की मात्र काहीतरी बिघडलंय असं वाटतं. पण सवय नाही म्हणून कोणाचं चित्र कापायचा हक्क मिळत नाही. पुढच्या पत्रात त्यांनी एका खेळाचं मोफत तिकीट देऊ केलं. मी नको म्हटलं. कापलेलं चित्र फुकट बघण्यात मला काही राम वाटला नाही.

आता चांगलं काय ते सांगते, कारण ते पुष्कळ आहे.

चित्रपटांची निवड उत्तम आहे. घरबसल्या सापडणारच नाहीत असे नवे स्वतंत्र चित्रपट इथे दिग्दर्शकासोबत बघता येतात. मोठ्या दालनात डीसीपीवरून, म्हणजे चित्रपटगृहांसाठी बनवलेल्या डिजिटल प्रतीवरून, खेळ होतात आणि तिथलं चित्र डोळ्यांचं पारणं फेडणारं आहे. तिथे मी ‘पथेर पांचाली’ पाहिला. त्याच्या मूळ निगेटिव्हला १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीची झळ बसली होती. जळून ठिसूळ झालेल्या त्या फिती पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये ओलावा देऊन लवचिक केल्या, हातांनी जोडल्या, जो भाग वाचवता आला नाही तो दुसऱ्या प्रतींमधून घेतला आणि २०१५ मध्ये चित्रपट नव्याने लोकांसमोर आला. पावसाच्या आधी पाण्यावर फिरणारे किडे त्या पडद्यावर इतके स्पष्ट दिसले की माझ्या शेजारच्या अनोळखी आजी पुढे झुकून बसल्या. हे घरच्या टीव्हीवर होत नाही. पासचे पैसे त्या एका संध्याकाळी बऱ्यापैकी वसूल झाले असं मी मानते.

खुर्च्या बऱ्या आहेत. छोट्या दालनाला उतार नाही, त्यामुळे सबटायटलची खालची ओळ पुढच्याच्या डोक्याआड जाते. लवकर जाऊन कडेची खुर्ची धरा. चर्चा कधी रंगते, कधी एकाच माणसाच्या भाषणात संपते.

वरचं सगळं लिहून ठेवलं होतं आणि माझा निकाल असा होता की या लोकांना चित्रपट दाखवण्यातलं काही कळत नाही. मग मोठ्या दालनात एका संग्रहालयाची ३५ मिमी प्रिंट आली आणि ते मत बदलावं लागलं.

तो खेळ ज्यांनी चालवला त्या वयस्क प्रोजेक्शनिस्ट काकांना मी नंतर मुद्दाम भेटले. दोन मशीन, आळीपाळीने. एक मोठं रीळ साधारण २,००० फुटांचं, म्हणजे वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो, तो दुसरं मशीन सुरू करण्यासाठी. मग सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका, तो चित्र दुसऱ्या मशीनवर नेण्यासाठी. काकांनी एकही बदल चुकवला नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्र १.३७ चं होतं आणि त्यासाठी त्यांनी मशीनमधली, चित्राची चौकट ठरवणारी अपर्चर प्लेट बदलली होती, भिंग बदललं होतं, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे मखमली पडदे सरकवून अगदी चित्राच्या कडेपर्यंत आणून ठेवले होते. पट्ट्या नव्हत्याच. चित्र जेवढं, पडदा तेवढाच. बाजूच्या पट्ट्या लोकांना का खटकतात याचं खरं कारण मला तेव्हा दिसलं. साध्या प्रोजेक्टरला खरा काळा रंग दाखवता येत नाही. त्याची काळी पट्टी करडी, अंधुक उजळलेली असते आणि नजर तिच्याकडे जाते. मखमलीने ती झाकली की तक्रार करायला काही उरत नाही. ज्या केंद्राकडे हे पडदे आहेत, त्यांनी छोट्या दालनासाठी दोन काळी कापडं शिवून घेतली तरी पुरेल.

काकांनीच उलगडा केला. मोठ्या दालनाच्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये त्यांनी प्रत्येक प्रमाणाची वेगळी नोंद करून ठेवली आहे: १.३७, १.६६, १.८५ आणि सिनेमास्कोप. छोट्या दालनाचं मशीन त्यांच्या ताब्यात नाही. ते सेमिनार आणि सभांसाठी घेतलेलं. कोणीतरी कधीतरी स्लाइड पडदाभर दिसाव्यात म्हणून ‘झूम’ लावून ठेवलं आणि मग जुने चित्रपटही त्याच मापातून निघत राहिले. ताणलेल्या चित्राचं मूळही तिथेच, बटण तेवढं वेगळं. म्हणजे जाणकार माणूस त्याच इमारतीत आहे, पण छोट्या दालनाचं चित्र बघणं हे कोणाचंच काम नाही. माझा राग अज्ञानावर होता, तो आता या व्यवस्थेवर आहे, आणि तो कमी झालेला नाही.

त्यानंतर मी कार्यालयाला पुन्हा लिहिलं. या वेळी तक्रार नव्हती, एक मागणी होती: खेळाच्या आधी अर्धा तास काकांनी छोट्या दालनात येऊन वर्तुळ आणि चौकट असलेला चाचणीचा तक्ता लावून बघावा. ती कार्यालयाने मान्य केली, याचं श्रेय त्यांना मनापासून देते. पुढचा खेळ ‘इडा’चा होता. पावेल पावलिकोवस्की यांचा २०१३ चा हा पोलिश चित्रपट कृष्णधवल आहे आणि नव्या काळात मुद्दाम १.३७ मध्ये केलेला. त्यात माणसं बऱ्याचदा चौकटीच्या अगदी तळाशी असतात, डोक्यावर नुसती भिंत किंवा आकाश. वरून-खालून छाटला असता तर हनुवट्या गेल्या असत्या आणि ती रिकामी जागाही गेली असती, जिच्या ओझ्याखाली चित्रपटाची नायिका उभी आहे. तो खेळ नीट झाला. पट्ट्या करड्या होत्या, पण चित्र पूर्ण होतं. चर्चेत एका मुलाने वरच्या रिकाम्या जागेबद्दलच पहिला प्रश्न विचारला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्यानंतर मात्र काका रजेवर असताना एक खेळ पुन्हा ‘झूम’वर गेला. या वेळी मी पहिल्या दोन मिनिटांतच मागे गेले आणि स्वयंसेवकाने रिमोटवरून प्रमाण बदललं. बटण सापडायला वेळ लागला नाही. परवानगी नव्हती ती आता मिळाली आहे, एवढं तरी झालं.

पासचं नूतनीकरण करणार का? मोठ्या दालनाचं करणार, बिनदिक्कत. छोट्या दालनाचं एकत्र पैसे आधी भरून करणार नाही. तिथे सुटं तिकीट महाग पडलं तरी चालेल, पण दर वेळी आधी फोन करून दोन गोष्टी विचारेन: चित्रपट कशावरून दाखवणार आहात, आणि प्रमाण लावून पाहिलं आहे का. उत्तर नीट मिळालं तरच तिकीट. तुम्हीही विचारा; एकटीच विचारत राहिले तर ‘इतर कोणाची तक्रार नाही’ हे उत्तर कायम राहील.

पुढच्या कार्यक्रमात संगीतासह मूकपट आहे. मूकपटांचा वेग ठरलेला नसायचा, सेकंदाला १६ पासून २४ चौकटींपर्यंत काहीही असे. १८ च्या वेगाने ९० मिनिटं चालणारा चित्रपट २४ ने दाखवला तर साडेसदुसष्ट मिनिटांत संपतो आणि माणसं धावतपळत चालतात. कोणत्या वेगाने दाखवणार हे मी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आलं की त्यावर तिकिटाचं ठरवेन.