जर्मन विद्यापीठाचं नोंदणी पोर्टल: वर्षभर वापरल्यानंतर

जर्मनीत मास्टर्सला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एपीएस (म्हणजे कागदपत्रांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं बँक खातं) आणि व्हिसाच्या तारखा यांवर दिवसरात्र मेसेज पडत असतात. विषयांची नोंदणी कशी करायची यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही, आणि मग इथे उतरल्यावर सगळ्यांची एकदम पळापळ होते. मी एका सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगचं मास्टर्स करतेय. खाली तक्रारीही आहेत, म्हणून विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पोर्टलचं रूप विद्यापीठागणिक बदलतं, पण आतला कारभार बऱ्याच ठिकाणी साधारण असाच आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा: इथे विषयाला नाव नोंदवणं वेगळं आणि त्या विषयाच्या परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. सेमिस्टरभर एकही लेक्चर न बुडवता पहिल्या बाकावर बसलात, असाइनमेंट सगळ्या दिल्यात, तरी मुदतीत परीक्षेची नोंदणी केली नसेल तर यादीत तुमचं नाव नसतं. उलट, वर्गाकडे कधी न फिरकलेला मुलगा परीक्षेला नाव नोंदवून थेट पेपरला येतो आणि पास होऊन जातो. लॅब, सेमिनार सोडले तर लेक्चरना सहसा हजेरी नसतेच. पुण्यात आमच्या कॉलेजात परीक्षा फॉर्मची वेळ आली की वर्गात नोटीस फिरायची, सीआर ग्रुपवर ओरडायचा, ऑफिसातले काका राहिलेल्यांना नावानिशी बोलावून घ्यायचे. तरीही राहिलंच, तर लेट फी होती. इथे लेट फी नाही, म्हणजे पैसे भरून सुटकाही नाही.

माझ्या फ्लॅटमधल्या नाशिकच्या मुलीचं हेच झालं. तिने मूडलवर, म्हणजे नोट्स आणि असाइनमेंटच्या वेबसाइटवर, विषय जोडला होता. तिथे नोट्स मिळत होत्या, असाइनमेंट जमा होत होत्या, प्रोफेसर तिला नावाने ओळखत होते. आसनव्यवस्थेची यादी लागली त्यात तिचा नंबर नाही. परीक्षा कार्यालयातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कॅलेंडरवर बोट ठेवून मुदत संपल्याची तारीख दाखवली आणि पुढच्या वेळी या म्हणाल्या. पेपर सहा महिने पुढे गेला. आवाज चढला नाही, हुज्जत झाली नाही, कामही झालं नाही.

आता पोर्टलबद्दल. लॉगिनला कधी अडचण आली नाही, मोबाइलवर चालतं म्हणायला चालतं. पण ब्राउझरचं मागे जायचं बटण चुकूनही दाबू नका. दाबलंत की आतापर्यंत निवडलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्या पानावर. वर कोपऱ्यात इंग्रजीचं बटण आहे. त्याने मेनू इंग्रजी होतो, पण काही चुकलं की इशारा देणारा लाल चौकोन जर्मनच राहतो, म्हणजे नेमकं जिथे समजायला हवं तिथेच समजत नाही. शोधायची सोय तर अगदीच रडकी. विषयाचं नाव टाकून काही सापडत नाही, विषय क्रमांक टाकायचा. तो क्रमांक कुठे मिळतो, तर मोड्यूलहांडबुखात.

हे मोड्यूलहांडबुख म्हणजे तुमच्या कोर्सची शंभर-दोनशे पानांची पीडीएफ. प्रत्येक विषय हिवाळी सेमिस्टरला असतो की उन्हाळी, क्रेडिट किती, पेपर लेखी की तोंडी, आधी काय शिकलेलं असावं लागतं, सगळं त्यात असतं. आपल्याकडे सिलॅबसची प्रत आपण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतो. ही मात्र विमानात बसायच्या आधी वाचा. एक विषय फक्त हिवाळ्यात असेल आणि तो सुटला, तर वर्षभर थांबावं लागतं आणि थीसिसचं गणित कोलमडतं. हिवाळी सेमिस्टर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असं कागदावर असलं तरी लेक्चर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. त्यामुळे हाताशी वेळ कॅलेंडरवर दिसतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

क्रेडिटचा हिशेब नवीन मुलांना हमखास फसवतो. दोन वर्षांच्या मास्टर्सला 120 क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला 30. वेळापत्रक पाहिलं तर एका विषयाचं आठवड्याला दीड तासाचं लेक्चर आणि वर एखादं ट्युटोरियल. एवढंच? मग घेऊ की अजून दोन विषय! पण एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे 6 क्रेडिटच्या विषयाला 180 तास. त्यातले वर्गात जातात थोडे, बाकीचे लायब्ररीत. शिवाय पार्ट-टाइम नोकरी करणार असाल तर पहिल्या सेमिस्टरला 30 च्या वर जाऊच नका, 24 घेतलेत तरी काही बिघडत नाही.

वेळापत्रकातली एक गंमतही सांगते. पोर्टलवर एक लेक्चर 10 ते 12 आणि दुसरं 12 ते 2 दिसलं, की दुसऱ्या टोकाच्या इमारतीत वेळेत कसं पोचणार म्हणून मुलं विषय सोडून देतात. 10 चं लेक्चर पुष्कळदा सव्वादहाला सुरू होतं आणि पावणेबाराला संपतं. वेळेपुढे सी.टी. अशी अक्षरं असतील तर ही पंधरा मिनिटांची सवलत आहे असं समजायचं. एस.टी. असेल तर मात्र ठोक्याला हजर.

मोठ्या लेक्चरला जागेची मारामारी नसते. खरी चुरस सेमिनार, लॅब आणि जर्मन भाषेचे वर्ग यांना. आमच्याकडे सेमिनारला पसंतीक्रम भरायचा असतो आणि जागा सोडतीने मिळतात, त्यामुळे रात्री बारा वाजता नेट पकडून बसण्यात अर्थ नाही. हे मला फार आवडलं. वेटिंगवर नाव असलं तरी पहिल्या तासाला जाऊन बसा. आमच्या सेमिनारला पहिल्या दिवशी बाईंनी यादी वाचली, जागा मिळालेले चारजण आलेच नव्हते. त्यांची नावं पेनाने खोडली आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांना तिथल्या तिथे आत घेतलं. त्यात मी होते. भाषेच्या वर्गांचा मात्र उलटा न्याय, जो आधी येईल त्याला जागा. शिवाय त्याआधी पातळी ठरवणारी चाचणी दिलेली असावी लागते. ती राहिली तर नोंदणीचं बटणच दिसत नाही.

पोर्टलवरचं सगळ्यात मोलाचं बटण कोणतं विचाराल, तर परीक्षेतून नाव मागे घेण्याचं. आमच्याकडे पेपरच्या आठवडाभर आधीपर्यंत ते चालू असतं, काही ठिकाणी मुदत वेगळी असते. त्याचं महत्त्व कळायला इथले नियम कळायला हवेत. 1.0 सर्वात चांगले, 4.0 ला काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पण बहुतेक ठिकाणी एकूण तीनच संधी, कुठे दोनच. आवश्यक विषयात त्या संपल्या की अभ्यासक्रमातूनच नाव जातं आणि जर्मनीत इतरत्र त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणंही जवळपास अशक्य होतं. एटीकेटी घेऊन वर्षानुवर्षं विषय ओढत नेण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. आणि 3.7 ने पास झालात, तर सहसा मार्क सुधारायला पुन्हा बसू देत नाहीत, तो 3.7 कायमचा कपाळी. म्हणून तयारी अर्धवट असेल तर मुदतीत नाव काढून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. इथली जर्मन मुलं ते बिनदिक्कत करतात. आपली मुलं मात्र ‘बघू, बसून तर येऊ’ म्हणत जातात आणि एक संधी वाया घालवतात. पेपरच्या दिवशी ताप आला तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच परीक्षा कार्यालयाला पोचवायचं, नुसत्या ईमेलवर भागत नाही.

व्हिसा उशिरा मिळून नोव्हेंबरात पोचणाऱ्यांनी तिकडूनच इंटरनॅशनल ऑफिसला आणि कोर्सच्या समन्वयकाला लिहावं. आधी लिहिलेल्यांना आमच्याकडे लॅबच्या जागा राखून मिळाल्या, येऊन सांगणाऱ्यांना नाही. एका सेमिस्टरच्या एक्सचेंजवर आलेल्यांचं प्रकरण थोडं सोपं. त्यांचं लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे कोणते विषय घेणार याचा दोन्ही विद्यापीठांशी करार, आधीच झालेलं असतं आणि पुष्कळदा ऑफिसच त्यांची नावं घालून देतं. परीक्षेची नोंदणी त्यांनाही बहुधा स्वतःच करावी लागते, हे मात्र विचारून घ्या.

मार्क द्यायचे तर पोर्टलला मी इथल्याच पद्धतीने 3.3 देईन आणि त्यामागच्या नियमांना 1.7. नियम कडक आहेत, पण सगळ्यांना सारखे आणि आधीच छापलेले. प्रत्येक नोंदणीनंतर ‘माझ्या परीक्षा’ या पानाची पीडीएफ काढून ठेवा. माझ्या एका विषयाची नोंद मध्येच गायब झाली होती, तेव्हा तारखेसकट पीडीएफ पाठवल्यावर ती नोंद दोन दिवसांत परत आली. आणि पुढच्या सेमिस्टरची फी भरायची तारीख याच पोर्टलवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका, कारण ती चुकली की विषयच काय, विद्यार्थी म्हणून तुमचं नावच रद्द होऊ शकतं.