गिम्प : फोटो लहान करायचा म्हणजे नेमके काय लहान करायचे?

गेल्या महिन्यात ठाण्यात नौपाड्यातील आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन परस्परविरुद्ध कामे आली. भाचीला बँक-भरतीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि त्यासाठी फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते ते बारीक ठिपके) व २० ते ५० केबी, तर सही १४० गुणिले ६० पिक्सेल व १० ते २० केबी अशी अट होती. त्याच वेळी सोसायटीच्या स्मरणिकेत गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा, तलावपाळीवर टिपलेला एक फोटो पानभर छापायचा होता आणि छापखान्याने ‘३०० डीपीआय’चा, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके पडतील असा फोटो मागितला होता. दोन्ही कामे मी गिम्प या फोटो-संपादनाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर केली. पुढील परीक्षण केवळ आकारबदलाच्या कामापुरते आहे. रंगदुरुस्ती, लेअर वगैरे बाबींना मी हात लावलेला नाही.

गिम्प १९९६ पासून लोकांच्या हाती आहे आणि त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. पैसे पडत नाहीत, नोंदणी लागत नाही आणि फोटो कोणाच्या सर्व्हरवर चढवावा लागत नाही. ‘५० केबी करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर मुलीचा फोटो आणि सही देण्यापेक्षा मला हे केव्हाही बरे वाटते.

आपल्या बोलण्यात ‘साइज’ या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात : चित्रात आडवे-उभे किती पिक्सेल आहेत, कागदावर ते किती इंचांचे छापले जाईल आणि फाइल किती केबीची आहे. गिम्पमध्ये या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या खिडक्यांत आहेत. पिक्सेल बदलायचे ते ‘स्केल इमेज’मध्ये, छपाईचे माप ‘प्रिंट साइज’मध्ये आणि फाइलचे वजन थेट शेवटी, ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’च्या वेळी. नवख्याला ही पायपीट वाटते. मलाही पहिल्या दिवशी वाटली, परंतु भाचीच्या फोटोने माझे मत बदलले.

तिचा फोटो मोबाइलवर काढलेला, ४००० गुणिले ३००० पिक्सेलांचा होता. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलाच्या लाल, हिरव्या व निळ्या छटांसाठी एकेक असे ३ बाइट धरले, तर ३६ एमबी माहिती. जेपीईजी हा प्रकार चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातील डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक फरक सोडून देतो, म्हणूनच मोबाइलमधील फाइल ३६ ऐवजी चारेक एमबीची दिसते. भाचीने आधी ‘क्वालिटी’ची पट्टी डावीकडे खेचत खेचत हा फोटो ५० केबीत बसवण्याचा प्रयत्न केला होता. ३६ एमबीचे ५० केबी करणे म्हणजे ७२० पट दाबणे, आणि तसे करू पाहता चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठिगळे उरली. याउलट २०० गुणिले २३० पिक्सेलांच्या चित्राची कच्ची माहितीच मुळात १३८ केबी भरते. ती तीन-चार पट दाबली की अट पूर्ण होते आणि चेहरा जसाच्या तसा राहतो. आधी पिक्सेल कमी करावेत, दर्जाला हात नंतर लावावा, हा क्रम गिम्पच्या मांडणीतूनच आपोआप पाळला जातो.

त्याआधी कापणी मात्र करावी लागते. मोबाइलचा फोटो तीनास चार या प्रमाणात असतो आणि अर्जाचे प्रमाण निराळे. ‘स्केल इमेज’च्या खिडकीत रुंदी व उंचीच्या आकड्यांशेजारी एक साखळी दिसते, ती तोडून दोन्ही आकडे हाताने भरले, तर फोटो मापात बसतो खरा, पण चेहरा चपटा होतो. क्रॉपच्या साधनात २००:२३० हे गुणोत्तर बांधून घेण्याची सोय आहे. तसे कापून मग स्केल केल्यावर साखळीला हात लावावा लागला नाही.

एक्स्पोर्टच्या खिडकीत पूर्वदृश्याची खूण केली की दर्जाची पट्टी हलवताना फाइल किती केबीची होईल तो आकडा समोरच बदलत राहतो. या एका सोयीसाठी मी गिम्पचे बाकीचे अवघडलेपण माफ केले. फोटो ९६ दर्जावर २७ केबीचा झाला. ५० च्या अगदी काठावर जाऊ नये, कारण केबी म्हणजे १००० बाइट की १०२४ यावर सर्व प्रणालींचे एकमत नाही. त्याच खिडकीत एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फोटोसोबत केलेल्या नोंदी) आणि लघुचित्र वगळण्याच्या खुणा आहेत. त्यांनी काही केबी वाचतातच. शिवाय मोबाइलने फोटोत घराचे स्थान नोंदवले असेल, तर तेही निघून जाते.

सहीने मात्र घाम फोडला, आणि तोही उलट्या कारणाने. १४० गुणिले ६० पिक्सेलांची कच्ची माहितीच २५ केबीची, त्यात बहुतेक भाग कोरा पांढरा. दर्जा १०० वर नेऊनही फाइल ६ केबीच्या पुढे जाईना आणि अर्ज ती ‘फारच लहान’ म्हणून परत करू लागला. सूचना पुन्हा वाचल्यावर पिक्सेलांचे माप ‘प्राधान्याने’ आहे, केबीची अट मात्र पक्की आहे, असे लक्षात आले. मूळ स्कॅनवरून २८० गुणिले १२० अशी नवी प्रत केली तेव्हा ती १३ केबीची होऊन स्वीकारली गेली. यात दोष गिम्पचा नाही, अट लिहिणाऱ्याचा आहे.

स्मरणिकेच्या फोटोची अडचण वेगळी होती. समितीकडून तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता आणि वाटेत १६०० गुणिले १२०० पिक्सेलांचा झाला होता. आडव्या ए-फोर पानाची रुंदी ११.७ इंच, म्हणजे इंचाला जेमतेम १३७ पिक्सेल. समितीतील एका काकांनी ‘प्रिंट साइज’मध्ये ३०० हा आकडा टाकून ‘झाले काम’ म्हटले; पण गिम्पने लगेच रुंदी ५.३ इंचांवर आणून दाखवली. पिक्सेल तेवढेच राहिले, ते फक्त अधिक दाटीने बसले. ‘स्केल इमेज’ने तोच फोटो ३५०८ पिक्सेलांचा करून पाहिला, तर ढोलताशांच्या पथकातील चेहरे मेणाचे दिसू लागले, कारण नसलेला तपशील सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरते. अखेर फोटो काढणाऱ्याकडून मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली, म्हणजे वाटेत पिक्सेल कमी होत नाहीत. ४००० पिक्सेलांची ती फाइल इंचाला ३४० च्या पुढे गेली आणि छापखान्याने काहीही न विचारता ती घेतली.

आता खटकलेल्या गोष्टी. ‘सेव्ह’ दाबले की गिम्प स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात फाइल ठेवते, जेपीईजी हवी तर एक्स्पोर्टच करावे लागते. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून हे असेच आहे आणि भाचीने पहिल्यांदा अर्जाला तीच फाइल जोडली होती. खालच्या पट्टीत दिसणारा एमबीचा आकडा तर शुद्ध दिशाभूल करतो : तो संगणकाच्या स्मृतीत चित्राने अडवलेल्या जागेचा असतो, फाइलचा नव्हे, त्यामुळे चार एमबीचा फोटो उघडल्यावर तिथे त्याच्या कित्येक पट आकडा पाहून माणूस दचकतो. स्केल केल्यावर चित्र किंचित मऊ पडते. त्यावर ‘शार्पन’चा हलका हात फिरवावा लागतो, हेही कोणी सांगत नाही.

सर्वांत मोठी उणीव घाऊक कामाची. स्मरणिकेचे उरलेले चौसष्ट फोटो एकाच मापात आणायचे होते आणि त्यासाठी गिम्पच्या मेनूत सरळ सोय नाही. कमांड लाइनवर स्क्रिप्ट लिहिण्याचा मार्ग आहे, पण तो माझ्यासारख्याचा नव्हे. ते काम मी विंडोजवरील पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील इमेज रिसायझरने केले. सगळे फोटो निवडायचे, उजवी कळ दाबायची, माप द्यायचे. चहा निवायच्या आत चौसष्टही झाले.