सांगलीत जॅझ पोचवायचा तर बैठक आधी की मैफल?

सांगली-मिरजेतल्या एखाद्या संगीत मंडळाला नव्या श्रोत्यांसाठी जॅझचा कार्यक्रम करायचा असेल, तर पहिला पेच हाच पडतो: ध्वनिमुद्रणं ऐकवायची, की पुण्या-मुंबईहून कलाकार बोलवायचे? आमचं मत स्पष्ट आहे. आधी ध्वनिमुद्रणं एकत्र ऐकण्याच्या बैठका घ्या, किमान तीन, आणि तोवर मैफलीची तारीख काढू नका.

कारण कानाचं आहे. मिरजेच्या तंबोऱ्यावर आणि किराणा घराण्याच्या गाण्यावर पोसलेला कान सतत षड्ज शोधतो. जॅझमध्ये तंबोरा नसतो. आधार देतो तो बास, म्हणजे खर्जात वाजणारं मोठं तंतुवाद्य, आणि तो जागचा हलत राहतो. हे न सांगता श्रोत्याला थेट मैफलीत बसवलं की तो नुसता सॅक्सोफोनच्या मागे धावतो आणि दहा मिनिटांत दमतो. बैठकीत तुकडा थांबवता येतो, पुन्हा लावता येतो.

उदाहरणार्थ अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 1959 सालची ‘सो व्हॉट’ ही रचना घ्या. चार मात्रांचा एक बार, असे 32 बार, म्हणजे 128 मात्रांचं आवर्तन. ते साधारण 56 सेकंदांत पुरं होतं. आठ-आठ बारांचे चार भाग. पहिले दोन पेटीवर सांगायचं तर पांढरी दोनचा काफी थाट, तिसरा काळी दोनचा काफी, चौथा पुन्हा पांढरी दोनचा. षड्जच अर्ध्या स्वराने वर जातो आणि परत येतो. श्रोत्यांना एवढंच सांगा: जागा बदलली असं वाटलं की हात वर करा. ट्रम्पेटवर माइल्स, मग टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, मग आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, प्रत्येकी दोन आवर्तनं. पहिल्याला हात चुकतात, तिसऱ्यापर्यंत बहुतेकांचे बरोबर पडू लागतात. इतिहासाचं तासाभराचं व्याख्यान हे काम करू शकत नाही.

बैठक फसते ती बहुधा स्पीकरमुळे. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते. मोबाइलच्या किंवा मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरला ते झेपत नाही, म्हणून झांजा आणि सॅक्सोफोन तेवढे ऐकू येतात आणि सगळं विस्कटल्यासारखं वाटतं. 30 माणसांसाठी 8 इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचे) दोन स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, वायरने जोडून लावा. दीड तासात पाच रचना पुष्कळ झाल्या. कार्यक्रम जाहीर असेल तर ध्वनिमुद्रणं वाजवण्याचा परवाना आधी काढा.

नावाजलेले की नवोदित? नुसते जुने लावले तर जॅझ म्हणजे संग्रहालय वाटतं, नुसते नवे लावले तर ते कुठून आले हे कळत नाही. जोडी लावा. जुन्या पिढीतली अमेरिकन गायिका सारा व्हॉन हिची एक रचना, लगेच समारा जॉयची. 1999 साली जन्मलेली ही गायिका 2019 मध्ये सारा व्हॉनच्याच नावाची स्पर्धा जिंकली आणि 2023 मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचं ग्रॅमी तिला मिळालं. जुन्या वाद्यरचनांना ती शब्द देऊन गाते. वाद्यावर वाजणाऱ्या गतीवर बंदिश बांधण्याची कल्पना आपल्या श्रोत्याला परकी नाही. एमेट कोहेन या पियानोवादकाने 2020 पासून न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या आपल्या घरातून केलेल्या मैफलींत बुजुर्ग आणि तरुण एकत्र वाजवताना दिसतात. घराणं पुढे कसं जातं हे तिथे डोळ्यांनी कळतं. भारतातलं म्हणाल तर लुई बँक्स पियानोवर आणि त्यांचे चिरंजीव जीनो ड्रमवर, ही जोडी तयारच आहे.

मैफलीत जे मिळतं ते मात्र ध्वनिमुद्रणात नाही: ड्रमवादक पियानोवादकाकडे बघतो आणि त्याच क्षणी लय सैल होते, ते पाहणं. पहिल्या वेळी पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांचाच संच बोलवा. पियानो नसेल तर 88 पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा कीबोर्ड लागतो. 61 पट्ट्यांचा चालत नाही. ड्रमखाली दोन बाय दोन मीटरची सतरंजी घाला, नाहीतर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकत जातो. जागा 100-150 खुर्च्यांची पुरे. भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या सभागृहात साठ माणसं विरळ दिसतात आणि वादकांचाही हुरूप जातो.

सर्वांत जास्त बिघडतं ते आवाजाच्या टेबलावर. ऑर्केस्ट्राची सवय असलेला माणूस किक वाढवतो आणि सगळ्यांवर इको टाकतो. त्याला आधीच सांगा: इको बंद, राइड झांज (जिच्यावर ड्रमवादक सतत ठेका धरतो ती) आणि बास स्पष्ट. ध्वनिचाचणीला दीड तास राखून ठेवा.

खर्चात मैफल अर्थातच जड: मानधन, गाडी, ध्वनियंत्रणा, शिवाय पुणे सुमारे 235 किलोमीटर असल्याने रात्रीचा मुक्काम. म्हणून नवोदितांना नुसत्या प्रवासखर्चावर बोलवायचा मोह होतो. तो टाळा. ठरलेलं मानधन द्या, आणि कमी पडत असेल तर वर्षात दोनऐवजी एकच मैफल करा.